लेस्टरची आखूड कबर

इंग्लंडमधले बाकीचे दहा दिवस फोटोंत आहेत, तिथेच राहू देत. लिहायचंय ते लेस्टरच्या एका खड्ड्याबद्दल.

धाकटी बहीण बर्मिंगहॅमला असते. तिचा बेत साधा होता: बेलग्रेव्ह रोडवर फरसाण घ्यायचं आणि संध्याकाळी घरी. मीच म्हटलं, आधी ग्रेफ्रायर्स. "ताई, तिथे नुसतं पार्किंग होतं गं," ती म्हणाली.

खरंच होतं. त्याआधी बाग होती, आणि त्याच्याही आधी राखाडी झगे घालणाऱ्या फ्रान्सिस्कन भिक्षूंचा मठ. १५३८ साली आठव्या हेन्रीच्या राज्यात मठ बंद झाला, इमारत पाडली गेली. २२ ऑगस्ट १४८५ ला बॉसवर्थच्या लढाईत पडलेला इंग्लंडचा राजा तिसरा रिचर्ड याच मठाच्या चर्चमध्ये पुरला होता. पुढे लोक सांगू लागले, त्याची हाडं नदीत फेकली म्हणून.

२५ ऑगस्ट २०१२ ला लेस्टर विद्यापीठाच्या पुरातत्त्व पथकाने डांबर कापून चर खणायला घेतला आणि पहिल्याच दिवशी पायांची हाडं दिसली. त्यांनी ती पुन्हा झाकून ठेवली! आधी भिंतींचे माग, दगडी बाकांची सभेची खोली, मग चर्च, अशी मठाची जागा उलगडत नेली. ही हाडं चर्चच्या मुख्य भागात येतात हे कळल्यावरच सांगाडा उघडला. मला या संयमाचं फार अप्रूप वाटतं.

ती जागा आता संग्रहालयात काचेखाली आहे. हाडं जिथे होती तिथे प्रकाशाने सांगाडा उमटवलाय. खड्ड्याच्या कडा वेड्यावाकड्या, तळ वाटीसारखा, आणि लांबीला तो चक्क कमी. म्हणून डोकं कडेला टेकून वर उचललेलं, हनुवटी छातीकडे. कण्याला मोठा बाक. शवपेटी नाही. पावलं नाहीत, ती पुढे कधीतरी वरच्या बांधकामात गेली.

बहीण हळूच म्हणाली, "ताई, अजून वीतभर खणायचं ना गं त्यांनी."

आम्ही लिंगायत, आमच्यात बसवून पुरतात. आप्पा गेले तेव्हा खड्डा तयार झाल्यावर काका स्वतः आत उतरले होते. मांडी घालून बसले, पाठ टेकते का, डोक्याला काही लागतं का ते पाहिलं, कोनाड्यावरून हात फिरवला आणि वर येऊन म्हणाले, "अजून थोडं." माणसं पुन्हा खणायला उतरली. घाई सगळ्यांनाच होती, ऊन रणरणत होतं. तरी खणलं.

मागे दोन पर्यटक हसत होते, राजाला पार्किंगचा दंड किती झाला असेल म्हणून. मला संताप आला. बत्तीस वर्षांचा माणूस होता तो. कवटीवर नऊ जखमा. कुणाच्याही मयताला आपण इतकं मोठ्याने हसत नाही.

समोरच कॅथेड्रल आहे. २६ मार्च २०१५ ला त्याला तिथे पुन्हा पुरलं. फिकट दगडाच्या थडग्यावर खोल क्रॉस कोरलाय. शवपेटी ओक लाकडाची, आणि ती बनवली मायकेल इब्सेन या लंडनच्या फर्निचर कारागिराने. रिचर्डच्या बहिणीची लेक, तिची लेक, अशा लेकींच्या सतरा पिढ्यांच्या ओळीत तो येतो. गालाच्या आतून घेतलेला त्याचा नमुना हाडांच्या डीएनएशी जुळला होता. म्हणजे भाचाच. मामाची पेटी त्याने आपल्या हाताने, मापात केली. मी त्या थडग्याच्या कडेला बराच वेळ हात ठेवून उभी होते.

फरसाण राहिलंच. परतीच्या गाडीत बहीण म्हणाली, "काका खरंच खाली उतरले होते?"

"हो. तू दुसरीत होतीस. तुला बेलपत्रीची परडी धरायला लावून मागे उभं केलं होतं."