पॉवर प्लेचे पाच जण: आधी स्टिकचा हात, मग नाव

आइस हॉकीत समोरच्या संघाला दोन मिनिटांची मायनर पेनल्टी लागली की तो गोलकीपर सोडून चार स्केटरवर येतो आणि आपले पाच राहतात; हाच पॉवर प्ले. एनएचएलमध्ये, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमध्ये, साधारण पाचातल्या एका पॉवर प्लेवर गोल होतो. चारात एक गोल करणारा संघ चांगला मानला जातो. एडमंटन ऑइलर्सने २०२२-२३ च्या मोसमात हे प्रमाण ३२.४ टक्क्यांवर नेलं आणि मॉन्ट्रियल कनेडियन्सचा १९७७-७८ पासूनचा ३१.९ टक्क्यांचा विक्रम मोडला. त्या संघात कॉनर मॅकडेव्हिड आणि लिऑन ड्रायसायटल होते, हे खरंच. पण नुसते मोठे खेळाडू एकत्र उभे केल्याने एवढं होत नाही. सर्वाधिक पॉइंट (गोल आणि गोलसाठी दिलेले पास) असलेले पाच जण उचलून बर्फावर पाठवणं ही निवडीतली सगळ्यात महागात पडणारी चूक आहे.

पहिला प्रश्न स्टिकच्या हाताचा. डावा शॉट म्हणजे ज्याच्या स्टिकचं पातं शरीराच्या डाव्या बाजूला असतं तो. जेवताना तो कोणता हात वापरतो याच्याशी संबंध नाही. आता गोलकडे तोंड करून, गोलच्या दोन्ही बाजूंना बर्फावर आखलेल्या वर्तुळांपैकी उजव्या वर्तुळात उभे आहात असं समजा. पास डावीकडून, म्हणजे मधून येणार. पातं डावीकडे असेल तर पक (खेळायची रबरी चकती) न थांबवता थेट मारता येतो. तोच वन-टायमर. उजव्या शॉटच्या खेळाडूला तिथे उभं केलं तर पक आधी शरीरासमोरून घ्यावा लागतो, वळवावा लागतो, आणि तेवढ्यात गोलकीपर सरकून जागेवर येतो. म्हणून डाव्या शॉटवाला उजवीकडे, उजव्या शॉटवाला डावीकडे. वॉशिंग्टन कॅपिटल्सचा उजव्या शॉटचा अलेक्झांडर ओव्हेचकिन वर्षानुवर्षं डाव्या वर्तुळात उभा राहत आला तो यासाठीच. वेन ग्रेट्झकीचा कारकिर्दीतल्या सर्वाधिक गोलांचा विक्रम मोडणारा ८९५वा गोलही त्याने ६ एप्रिल २०२५ रोजी पॉवर प्लेवर, त्याच बाजूने मारला.

आज बहुतेक संघ १-३-१ रचना वापरतात: वर ब्लू लाइनजवळ (समोरच्या संघाचा भाग जिथे सुरू होतो ती रेषा) एक, मधल्या फळीत तीन, गोलसमोर एक. त्या मोसमातल्या एडमंटनचीच उदाहरणं घेऊ. डाव्या कडेला मॅकडेव्हिड, डाव्या शॉटचा. त्याला तिथून वन-टायमर मिळत नाही, पण त्याचं काम पक घेऊन खाली गोलकडे घुसणं आणि बचाव ओढून घेणं. समोर उजवीकडे, वर्तुळाच्या अगदी खालच्या टोकाला ड्रायसायटल, डाव्या शॉटचा. कोन इतका अरुंद की दुसऱ्या कुणाला तिथून मारू देणार नाही, पण मॅकडेव्हिडचा आडवा पास गेला की गोलकीपरला एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत, सहा फूट, सरकावं लागतं. त्या मोसमात ड्रायसायटलने पॉवर प्लेवर ३२ गोल केले.

खरी परीक्षा मधल्या माणसाची, म्हणजे बंपरची. चार बचावपटूंच्या चौकटीत उभं राहायचं आणि अर्ध्या सेकंदात पक पुढे द्यायचा किंवा मारायचा. इथे धिप्पाड नेमबाज नको, डोकं सतत फिरवणारा माणूस हवा. शॉट कोणता हवा हे पास कुठून येतो त्यावर ठरतं. पास डावीकडून येणार म्हणून एडमंटनला डाव्या शॉटचा रायन न्यूजंट-हॉपकिन्स बसला. वॉशिंग्टनमध्ये निकलस बॅकस्ट्रॉम उजव्या कडेवरून पास द्यायचा, म्हणून तिथे उजव्या शॉटचा टी. जे. ओशी. बंपरची धास्ती नसेल तर बचाव करणारे सरळ दोन्ही कडांवर चढतात आणि आडवा पास बंद होतो.

गोलसमोर झॅक हायमन. गोलकीपरची नजर अडवणं, परत आलेला पक लोटणं हे त्याचं काम दिसतं. न दिसणारं काम जास्त मोलाचं: पक कोपऱ्यात गेला की तो आधी गाठणं. बचाव करणाऱ्या संघाला पॉवर प्लेमध्ये आइसिंग (पक लांब दुसऱ्या टोकाला भिरकावल्याबद्दल खेळ थांबवण्याचा नियम) लागत नाही. त्यांनी पक दुसऱ्या टोकाला भिरकावला की आपण मागे जाऊन आणायचा, पुन्हा रचायचं, यात वीसेक सेकंद सहज जातात. दोन मिनिटांत असं तीनदा झालं तर पॉवर प्ले संपलाच.

बदलीचं तत्त्वही एडमंटननेच दाखवलं. फेब्रुवारी २०२३ च्या अखेरीस ब्लू लाइनवरचा टायसन बॅरी नॅशव्हिलला गेला. त्याच्या जागी इव्हान बुशार आला, तोही उजव्या शॉटचा. बाकी चौघं जागेवरून हलले नाहीत. त्यानंतरच्या प्लेऑफमध्ये तर त्यांचा पॉवर प्ले आणखी धारदार झाला. एक जखमी झाला म्हणून तिघांच्या जागा बदलू नयेत. त्याच शॉटचा, त्याच कामाचा माणूस शोधावा, नाव लहान असलं तरी चालेल.

समोरच्या झोनमध्ये, म्हणजे ब्लू लाइनच्या आत, शिरण्याचाही विचार निवडीतच हवा. हल्ली ड्रॉप पास सर्रास वापरतात: पहिला जण पक घेऊन वेगात जातो, बचाव मागे ढकलतो आणि मागून भरधाव येणाऱ्याला पक सोडतो. मागून येणारा वेगवान नसेल तर हा पास आत्मघातकी ठरतो, कारण तो कापला गेला की समोर मोकळं मैदान असतं. असा माणूस युनिटमध्ये (पाचांच्या तुकडीत) नसेल तर पक आत टाकून पाठलाग करणंच शहाणपणाचं.

२०१९-२० पासून पॉवर प्लेच्या सुरुवातीचा फेसऑफ (दोघांमध्ये पक टाकून खेळ सुरू करणं) डावीकडे घ्यायचा की उजवीकडे हे आक्रमक संघ ठरवतो. डाव्या शॉटच्या सेंटरला (सहसा फेसऑफ घेणाऱ्या मधल्या खेळाडूला) बहुधा डावं वर्तुळ सोयीचं पडतं, कारण त्याला बॅकहँडने (पात्याच्या मागच्या बाजूने) पक मागे ओढता येतो. पहिलाच फेसऑफ गेला तर वीस सेकंद गेलेच, म्हणून पाचांत फेसऑफ जिंकणारा एक तरी असावा.

दुसऱ्या युनिटला अनेकदा शेवटची चाळीसेक सेकंदच मिळतात. त्यांना तीच १-३-१ देऊन उपयोग नाही. त्यांच्याकडून लवकर शॉट आणि गोलसमोर गर्दी एवढंच मागावं. सामन्याच्या तीनपैकी दुसऱ्या पिरियडमध्ये मात्र संघांनी बाजू बदललेल्या असल्याने बचाव करणाऱ्यांचा बेंच लांब पडतो, थकलेले चौघं अडकतात. अशा वेळी पक आपल्याकडे असेल तर पहिल्या युनिटला बाहेर बोलावू नये. आणि शेवटच्या दहा सेकंदांत ब्लू लाइनवरच्या माणसाने एक डोळा घड्याळावर ठेवावा: पेनल्टी बॉक्समधून सुटणारा खेळाडू थेट त्याच्या पाठीमागे उतरतो.