कल्हईच्या पातेल्याला तारेची घासणी नकोच

आईने दिलेलं पितळी पातेलं दिवाळीआधी कल्हई करून आणलं, आतून नुसतं चांदीसारखं, आणि दोन महिन्यांत आत पिवळे पट्टे दिसायला लागले. घासणी बघितली तर तारेची. कामाला येणाऱ्या ताईंचा काय दोष, त्यांना मी काही सांगितलंच नव्हतं. फार वाईट वाटलं, कारण कल्हईवाला आमच्याकडे शोधूनही लवकर सापडत नाही.

कल्हई म्हणजे कथलाचा अगदी पातळ थर, आणि कथील मऊ असतं, तारेने, राखेने, दाणेदार पावडरीने घासलं की हळूहळू निघून जातं. मग आंबट आमटी नाहीतर ताक त्यात ठेवलं की कळकतं. आता मी त्यात कोमट पाणी आणि साध्या लिक्विडचे दोन थेंब घालून अर्धा तास ठेवते, मग मऊ स्पंज फिरवते, बस. तळाला लागलं असेल तर पाण्यात चमचाभर खायचा सोडा घालून मंद आचेवर उकळते, करपलेलं आपोआप सुटतं. रिकामं मात्र गॅसवर कधीच ठेवायचं नाही, कथील 232 अंशांना वितळतं! चिंच-मीठ किंवा पितांबरी फक्त बाहेरून, आत लावायची नाही.

स्टीलच्या ट्रायप्लाय म्हणजे तीन थरांच्या कढईत जड पाण्याचे पांढरे डाग पडतात त्यावर थोडं व्हिनेगर फिरवून लगेच धुवायचं, ब्लीच असलेलं काही नको, त्याने स्टीलला बारीक खड्डे पडतात. आणि हार्ड अ‍ॅनोडाइज्ड, म्हणजे कडक काळसर थर दिलेली अ‍ॅल्युमिनियमची भांडी डिशवॉशरमध्ये टाकू नका प्लीज, डिशवॉशरची पावडर चांगलीच अल्कधर्मी असते आणि काळा रंग पांढुरका होऊन जातो.

बिडाच्या तव्याला साबण लावूच नये असं आपण लहानपणापासून ऐकतो, ते जुन्या कडक साबणांना धरून होतं. हल्लीचं सौम्य लिक्विड जरासं चालतं, तापून घट्ट बसलेला तेलाचा थर त्याने जात नाही. गंज चढतो तो तवा रात्रभर सिंकमध्ये भिजत पडला की, म्हणून मी धुतल्या धुतल्या गॅसवर कोरडा करून कापडाने तेलाचं बोट फिरवते.

ताईंसाठी आता दोन घासण्या वेगळ्या ठेवल्यात, हिरवी रोजच्या स्टीलला आणि पिवळा स्पंज या तीन-चार भांड्यांना. पातेलं परत कल्हईला द्यायचंय, पुण्यात कुणी चांगला कल्हईवाला माहीत असेल तर नक्की सांगा.