लॅपटॉप पातळ हवा की हलका?

इंदूरच्या सिल्व्हर मॉलमध्ये जा किंवा जेल रोडवर, काउंटरवरचा माणूस लॅपटॉप मिटतो, दोन बोटांत धरतो आणि कड आपल्यासमोर आणतो. "देखिए, कितना स्लिम है!" गिऱ्हाईक कडेकडे बघतं, हातात घेऊन बघायचं मात्र विसरतं. सगळी गडबड इथूनच सुरू होते. बॅग घेऊन दिवसभर हिंडणाऱ्याला जाडीचा काहीच त्रास नसतो, त्रास असतो वजनाचा. आणि पातळपणा व हलकेपणा एकच आहेत असं समजून लोक पातळपणाचे पैसे मोजून येतात.

दोन मशीन शेजारी ठेवून बघू. 13 इंची मॅकबुक एअर, एम-4 चिपचा: जाडी 11.3 मिलिमीटर, वजन 1.24 किलो, बॅटरी 53.8 वॉट-तास. 2021 सालचा एलजी ग्रॅम 16: जाडी 16.8 मिलिमीटर, वजन 1.19 किलो, बॅटरी 80 वॉट-तास. म्हणजे जवळपास दीडपट जाड असलेलं मशीन हलकं आहे, त्याचा पडदा मोठा आहे आणि बॅटरीही दीडपट आहे. फरक धातूचा. ग्रॅमची बॉडी मॅग्नेशियम मिश्रधातूची, मॅकची ॲल्युमिनियमची, आणि मॅग्नेशियमची घनता ॲल्युमिनियमच्या साधारण दोन तृतीयांश भरते. बदल्यात ग्रॅमचा कीबोर्ड मधोमध दाबला की किंचित खाली जातो आणि हाताला तो मॅकइतका भरीव लागत नाही. दुकानात भरीव लागणारं मशीन विकलं जातं, हा भाग वेगळा.

वजन मोजायचं तर सगळ्या लवाजम्यासकट मोजा. घरच्या स्वयंपाकघरातला काटा चालेल. लॅपटॉप 1.3 किलोचा, पण त्याच्यासोबत विटेसारखा ॲडॅप्टर, तीन पिनची जाड वायर, एचडीएमआयसाठी हब (जादा पोर्ट देणारी डबी), माउस. काटा बघता बघता पावणेदोन किलोच्या आसपास जातो. पोर्ट कमी म्हणून हब घ्यावा लागणं हाही पातळपणाचाच खर्च, फक्त तो बिलात दिसत नाही. यावर सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे 65 वॉटचा गॅन (गॅलियम नायट्राइडचा, आकाराने छोटा) चार्जर. तळहातात मावतो आणि फोनलाही चालतो. मात्र दोन गोष्टी आधी बघून घ्या. पहिली, लॅपटॉपचं टाइप-सी पोर्ट पॉवर डिलिव्हरीने (टाइप-सीतून जास्त वीज देण्याची ठरलेली पद्धत) चार्ज घेतं का. स्वस्त मॉडेलांत ते पोर्ट बरेचदा फक्त डेटाचं असतं. दुसरी, केबल. साधी टाइप-सी केबल 3 अँपिअरची, म्हणजे 20 व्होल्टला 60 वॉट. त्याच्या वर जायचं तर 5 अँपिअरची, आत ई-मार्कर चिप (केबलची कुवत चार्जरला सांगणारी) असलेली केबल लागते. चार्जर 100 वॉटचा आणि केबल फोनची असली की स्क्रीनवर 'स्लो चार्जर' येतं आणि दोष बिचाऱ्या चार्जरला लागतो.

आता कामगिरी. इंटेल प्रोसेसरचं आय-7 स्टिकर बघून काही कळत नाही, नंबरच्या शेवटचं अक्षर बघा. इंटेलच्या 13व्या पिढीत यू म्हणजे प्रोसेसर मुळात खातो ती वीज 15 वॉट, पी म्हणजे 28, एच म्हणजे 45. पण हे मूळ आकडे. आय-7 1355-यू कागदावर 15 वॉटचा असला तरी टर्बोत (थोड्या वेळाच्या जादा वेगात) 55 वॉटपर्यंत जाऊ शकतो. किती वॉट किती वेळ द्यायचे हे लॅपटॉप बनवणारी कंपनी तिच्या पंख्याच्या कुवतीनुसार ठरवते. म्हणून एकच प्रोसेसर एका मशीनमध्ये तासभर 25 वॉटवर चालतो आणि दुसऱ्यात अर्ध्या मिनिटात 15 वर येऊन बसतो. दुकानातला डेमो त्या पहिल्या अर्ध्या मिनिटाचा असतो. शिवाय एसीत.

इंदूरच्या मे महिन्याचं गणित करून बघा. प्रोसेसरची कमाल मर्यादा 100 अंश धरू. 24 अंशांच्या दुकानात उष्णता बाहेर ढकलायला 76 अंशांचा उतार, म्हणजे तापमानातला फरक, मिळतो, 42 अंशांच्या खोलीत फक्त 58 चा. पंखा तोच, फिन (उष्णता सोडणाऱ्या धातूच्या पट्ट्या) त्याच, तर बाहेर जाणारी उष्णता त्याच प्रमाणात घटते, म्हणजे सुमारे 24 टक्के. दुकानात 28 वॉट टिकवणारं मशीन घरी 21 वर येणार. आणि पातळ मशीनमध्ये 100 अंशांच्या आधीच दुसरी मर्यादा आड येते, बाहेरच्या पत्र्याची. आतला भाग आणि पत्रा यांत जागाच नसते, म्हणून मांडीला चटका बसू नये यासाठी कंपनी वॉट आधीच कापते. पंखा नसलेल्या मशीनमध्ये, उदाहरणार्थ मॅकबुक एअरमध्ये, लांबलचक रेंडरिंगला वेग खाली येतो, कारण उष्णता बाहेर ढकलायला पंखाच नसतो. पातळ पंख्याचं दुखणं आणखी वेगळं. पाती छोटी, म्हणून तेवढीच हवा ढकलायला तो जास्त वेगाने फिरतो आणि डासासारखा बारीक आवाज करतो.

हे तपासायला पंधरा मिनिटं लागतात. सिनेबेंच आर-23 हा प्रोसेसरचा वेग मोजणारा प्रोग्राम पेन ड्राइव्हवर घेऊन जा. आधी एकच फेरी चालवा, मग 10 मिनिटांची चाचणी. शेजारी एचडब्ल्यूइन्फो (तापमान आणि वॉट दाखवणारा प्रोग्राम) उघडून 'सीपीयू पॅकेज पॉवर' या ओळीवर नजर ठेवा. दहा मिनिटांनंतरचा स्कोअर पहिल्या फेरीच्या 85 टक्क्यांच्या वर राहिला तर कूलिंग ठीक. 70 च्या खाली गेला तर त्या महागड्या प्रोसेसरचे पैसे वाया आहेत, त्याच बॉडीतलं आय-5 घ्या. नंतर चार्जर काढून पुन्हा एक फेरी. बरीच विंडोज मशीन बॅटरीवर बरीच मंद होतात, आणि पोर्टेबल मशीन घ्यायचं ते बॅटरीवर चालवायलाच ना? दुकानदार हे करू देत नसेल तर निदान परतीची अट विचारून ठेवा.

हे सगळं कुणाला लागू? सीएच्या ऑफिसातलं एक्सेल, टॅली, ब्राउझर, झूम हे झटक्याझटक्याचं काम. पाच सेकंद जोर, मग विश्रांती. त्याला यू मालिका पुरून उरते. व्हिडिओ एक्सपोर्ट, थ्रीडी रेंडर, मोठा कोड कंपाइल करणं हे मात्र सलग ओढायचं काम. ते रोज करणाऱ्याने पातळ मशीनमध्ये एच मालिका शोधू नये. तेवढ्या पैशात घरी डेस्कटॉप आणि बॅगेत साधा हलका लॅपटॉप ही जोडी जास्त काम देते. इंदूरमध्ये घरी टेबलाला जागा असते, मुंबईसारखी अडचण नसते.

रॅमबद्दल कडक बोलावं लागेल. पातळ मशीनमध्ये रॅम बोर्डवर सोल्डर केलेली असते, म्हणजे घेतली ती शेवटपर्यंत. आज 8 जीबी सोल्डर केलेलं मशीन घेऊ नका, कितीही सूट असली तरी. 8 सोल्डर आणि शेजारी एक रिकामा स्लॉट असेल तर हरकत नाही. इंटेलच्या 2024 च्या कोअर अल्ट्रा 200-व्ही मालिकेत रॅम प्रोसेसरच्या पॅकेजवरच बसवलेली आहे आणि ती किती आहे ते नंबरातच कळतं: शेवटचा आकडा 6 असेल (226-व्ही, 256-व्ही) तर 16 जीबी, 8 असेल (258-व्ही) तर 32. एसएसडी, म्हणजे फाइली साठवणारी डिस्क, बहुतेकदा बदलता येते. फक्त ती 2280 (22 मिलिमीटर रुंद, 80 लांब) आहे की आखूड 2242 किंवा 2230, हे विचारा. मॅकमध्ये तीही सोय नाही. एम-4 एअर भारतात आला तेव्हा 256 जीबीचा 99,900 रुपयांना आणि 512 चा 1,19,900 रुपयांना होता. म्हणजे 256 जीबी वाढवायला वीस हजार. पातळपणाचा खरा दर कळायला हा एक आकडा पुरेसा आहे.

दुरुस्तीच्या टेबलावर सर्वांत जास्त दिसतो तो हिंज, म्हणजे बिजागरी. स्वस्तात पातळ केलेल्या प्लास्टिक मशीनमध्ये बिजागरीचे स्क्रू पितळेच्या इवल्याशा नटांत बसतात आणि ते नट प्लास्टिकच्या खुंटात गरम करून रुतवलेले असतात. बिजागरी धुळीने, वंगण सुकून घट्ट होते. आपण एका कोपऱ्याला धरून झाकण उघडतो, सगळा जोर त्या एका खुंटावर येतो आणि तो मुळासकट उपटतो. पहिली खूण म्हणजे कोपऱ्यात नखभर फट आणि उघडताना 'कट्' आवाज. तिथेच थांबलात तर बेस उघडून, खुंट साफ करून दोन भागांच्या इपॉक्सीने नट पुन्हा बसवता येतो. चोवीस तास सुकू द्यावं आणि बिजागरी थोडी सैल करावी, नाहीतर महिन्यात परत तेच. फट तशीच ठेवून वापरत राहिलात तर स्क्रीनची केबल चिरडते आणि काम दुप्पट महाग होतं. घेताना मशीन एका कोपऱ्याला धरून उचलून बघा, करकर आवाज आला तर पुढे चला.

दुसरं दुखणं बॅटरीचं. पातळ पाउच सेल टचपॅडच्या अगदी खाली असतात. टचपॅडचं क्लिक अचानक कडक झालं किंवा मशीन टेबलावर डुगडुगू लागलं की बॅटरी फुगली समजा. चार्जिंग बंद, वापर बंद, बॅटरी बदला. सुई टोचून हवा काढण्याचा उद्योग करू नका, सेल पेट घेतो. दिवसभर चार्जर लावूनच काम असेल तर सेटिंगमध्ये 80 टक्क्यांची मर्यादा घाला, आणि उन्हात उभ्या गाडीत मशीन ठेवू नका.

पडद्याचं थोडक्यात: उजेड 300 निट्सपेक्षा कमी नको आणि रंगांच्या आवाक्यासमोर '45 टक्के एनटीएससी' लिहिलेलं असेल तर रंग फिके दिसणार. स्नॅपड्रॅगन प्रोसेसरवाली विंडोज मशीन बॅटरीत उत्तम, पण ड्रायव्हर (जोडलेलं उपकरण चालवणारं सॉफ्टवेअर) त्यांच्या एआरएम जातीच्या चिपसाठीच लिहिलेले लागतात, ते इम्युलेशनवर, म्हणजे इंटेलची नक्कल करून, चालत नाहीत. जुना प्रिंटर किंवा जीएसटीसाठीचं डीएससी टोकन (डिजिटल सहीचं, पेन ड्राइव्हसारखं) असेल तर ते घेऊन दुकानात जा आणि लावून बघा.

जीएसटीवरून आठवलं. लॅपटॉपवर 18 टक्के कर आहे, म्हणजे एक लाखाच्या बिलात 15,254 रुपये. व्यवसायाची नोंदणी असेल आणि मशीन त्याच कामाला असेल तर बिलावर आपला जीएसटी नंबर घालायला विसरू नका, त्या कराची वजावट मिळते.

आठवड्यातून चार-पाच दिवस मशीन घराबाहेर जात असेल, पुण्याच्या रात्रीच्या बसने महिन्याला ये-जा असेल, तर हलकेपणाला जास्तीचे पंधरा-वीस हजार द्यायला माझी हरकत नाही. एक-दोन दिवसच जात असेल तर 1.5 किलोचं, जाडजूड, स्लॉटवालं 14 इंची घ्या. बजेट त्याहून तोकडं असेल तर कंपन्यांनी वापरून काढलेले लेनोवोचे थिंकपॅड किंवा डेलचे लॅटिट्यूड बघा, प्लास्टिकच्या नव्या पातळ मशीनपेक्षा ते बरे. पण पैसे देण्याआधी एवढं करा: कमांड प्रॉम्प्टमध्ये पॉवरसीएफजी, मग एक जागा सोडून स्लॅश बॅटरीरिपोर्ट असं इंग्रजीत टाइप करा. जी फाइल तयार होईल त्यात डिझाइन कपॅसिटी आणि फुल चार्ज कपॅसिटी यांची तुलना करा. दुसरी 70 टक्क्यांच्या खाली असेल तर नव्या बॅटरीचे पैसे किमतीतून कापून मागा. बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणारी मूळ सेटिंग) पासवर्ड न विचारता जाता येतं का बघा. शेवटी विंडोज रीसेट करून आपल्या फोनचा हॉटस्पॉट जोडा. सुरुवातीलाच एखाद्या कंपनीचं साइन-इन पान उघडलं तर ते मशीन तिच्या यादीतून अजून सुटलेलं नाही, मग भाव कितीही चांगला असो, तसंच काउंटरवर ठेवून या.