खिळ्यांनी खाल्लेला दिवस

बाणेरच्या ऑफिसात बसून कॅलिफोर्नियातल्या लाकडी घराचं मॉडेल करतोय. सवयीने मजल्याला रिजिड डायफ्राम लावून, म्हणजे भूकंपाच्या आडव्या बलाखाली मजला स्वतः वाकत नाही असं धरून, मोकळा झालो. काँक्रीट स्लॅबला तेच करतो ना आपण. सर मागून म्हणाले, "प्लायवूड म्हणजे काय स्लॅब आहे का रे?"

मग हाताने गणित, मजला आडवा किती वाकतो याचं. वाकणं, प्लायचं शिअर (तिरकं होणं), कॉर्डच्या म्हणजे कडेच्या लाकडी पट्ट्यांच्या जोडांतली ढिलाई आणि खिळ्यांचं सरकणं. हे शेवटचं भलतंच मोठं निघालं! मजल्याचं विक्षेपण (वाकून सरकणं) भिंतींच्या सरासरी ड्रिफ्टच्या, म्हणजे आडवं झुकण्याच्या, दुपटीहून जास्त, म्हणजे एएससीई ७ या अमेरिकन मानकाप्रमाणे फ्लेक्झिबल (लवचिक). भूकंपाचं बल आता भिंतींच्या ताठरतेनुसार नाही, प्रत्येकीच्या वाट्याला आलेल्या मजल्याच्या क्षेत्रफळानुसार वाटायचं. मधल्या भिंतीचा वाटा मोठा, बिचारी एकदम फेल.

कसब्यातल्या आमच्या वाड्याची माडी अशीच करकरायची. आजी खालून ओरडायची, "हळू चाल मेल्या!"