१२० डॉलर आणि दोन आंबे

मागच्या महिन्यात मुंबईहून अमेरिकेत परतताना नेवार्कला उतरले. ग्लोबल एन्ट्री, म्हणजे आधीच पडताळणी झालेल्या प्रवाशांना रांगेतून सुटका देणारी अमेरिकी सरकारची सोय. तिच्यामुळे इमिग्रेशन पाच मिनिटांत आटोपलं. बाजूची नागमोडी रांग बघून जरा ऐटही वाटली. मग बॅगांच्या पट्ट्यापाशी जी उभी राहिले ती पाऊण तास! तोवर रांगेतली अर्धी मंडळी तिथे पोचली होती आणि त्यातल्या एकाची बॅग माझ्याआधी आलीसुद्धा.

त्यामुळे पुण्याच्या धाकट्या भावाने "ताई, मीपण काढू का गं?" असं विचारल्यावर मी उलट विचारलं, "चेक-इन बॅग असते का तुझी?" तो ऑफिसच्या कामाला वर्षातून चारदा येतो, पाठीवर एक सॅक. त्याने खुशाल काढावं. २०१७पासून भारतीय नागरिकांनाही ते मिळतं. फी १२० डॉलर, मुदत ५ वर्षं. शिवाय त्यात टीएसए प्रीचेक येतं, म्हणजे इथल्या देशांतर्गत प्रवासातही सुरक्षा तपासणीला लॅपटॉप काढत बसायला नको. मात्र पासपोर्ट सेवेतून पोलीस पडताळणी, मग मुलाखत, असं सगळं असतं. तिकीट काढल्यावर धावपळ करून उपयोग नाही.

माझ्यासारख्या ग्रीन कार्डवाल्यांसाठी इमिग्रेशनची माहिती फोनवरच भरायचं मोबाइल पासपोर्ट कंट्रोल हे ॲप फुकट आहे. वर्षातून एकदा घरी जाणाऱ्याला तेवढं पुरे. हे मला पैसे भरल्यावर कळलं, ते सोडा.

सासू-सासरे सोबत असले की ग्लोबल एन्ट्रीचं कार्ड पर्समध्येच राहतं. ते ज्याचं त्यालाच चालतं. त्यांना व्हिजिटर्सच्या रांगेत एकटं कसं सोडणार? "पैसे भरलेस ना, मग इथे का उभी?" सासूबाईंनी विचारलंच.

भारतातली सोय मात्र डोळे मिटून घ्या. एफटीआय-टीटीपी, म्हणजे फास्ट ट्रॅक इमिग्रेशन – ट्रस्टेड ट्रॅव्हलर प्रोग्रॅम. जून २०२४मध्ये दिल्लीत सुरू झाली, जानेवारी २०२५पासून मुंबईतही आहे. भारतीय पासपोर्ट किंवा ओसीआय कार्ड हवं. ऑनलाइन अर्ज, एकदा बोटांचे ठसे नि फोटो, मग थेट ई-गेट. फी शून्य.

ग्लोबल एन्ट्रीची एक धास्ती मात्र कायमची मागे लागते. खाण्याची वस्तू न सांगता आणली आणि सापडली, तर दंड होऊ शकतो, वर सदस्यत्वही जाऊ शकतं. चकल्या, मेतकूट मी सरळ सांगून टाकते. ताजं फळ नाहीच. यंदा निघताना बॅगेत कपड्यांच्या घडीत दोन हापूस सापडले.

"दोनच तर आहेत, कोणाला वास येणारे?" सासूबाई म्हणाल्या.

विमानतळावरच्या बीगल कुत्र्यांना येतो. खाली टॅक्सी हॉर्न देत होती. दादरच्या त्या स्वयंपाकघरात मी उभ्या उभ्या दोन्ही आंबे संपवले.