मे महिन्यातली मोजणी

फेब्रुवारी 2019. एका तालुक्याच्या गावातून जाणारा राज्यमार्ग चौपदरी व्हायचा होता आणि त्याच्या सुरक्षा तपासणीचं काम माझ्याकडे होतं. रस्ता बांधण्याआधी नकाशावरच त्यातले धोके शोधायचे, असं हे काम.

अपघातांच्या नोंदी बघायला पोलीस ठाण्यात गेलो. 'ब्लॅक स्पॉट' ठरायला केंद्राचा निकष आहे: साधारण 500 मीटरच्या पट्ट्यात 3 वर्षांत मृत्यूचे किंवा गंभीर दुखापतीचे 5 अपघात, नाहीतर 10 मृत्यू. गावालगत असे अपघात तीनच निघाले. वही मिटून निघणार, तेवढ्यात जुने हवालदार म्हणाले, "साहेब, ओढ्यापलीकडचे धरले का?"

ओढा म्हणजे हद्द. पुलापलीकडे दुसरं ठाणं. तिथे आणखी तीन.

पण जागा नेमक्या कुठल्या? कागदावर 'चिंचेजवळ', 'रसवंतीसमोर', 'अमुक शिवारात'. पोलिसांच्या मोबाइलवर अपघाताची जागा टिपणारं आयरॅड तेव्हा आलं नव्हतं. मग हवालदारमामाच सोबत आले आणि आम्ही चिंचेपासून मोजणीचं चाक ढकलत निघालो. त्यांना सगळं पाठ. इथे दूधवाला. इथे उसाची बैलगाडी, मागे रिफ्लेक्टर नव्हता. इथे दोघं भाऊ, एकाच गाडीवर. सहावी जागा शाळेच्या फाटकासमोर. चाकावर आकडा आला 410 मीटर.

तेवढ्यात पाच वाजले आणि शाळा सुटली.

एसटीचा थांबा रस्त्याच्या पलीकडे. फाटकातून पोरांचा लोंढा आला आणि थेट रस्त्यात घुसला. उसाचे ट्रॅक्टर कचकन थांबत होते, एक म्हातारी हातातली काठी आडवी धरून पोरं पार करत होती. मी चाक धरून नुसता उभा. माझ्या अहवालात या ठिकाणी लिहिलं होतं, 'पादचारी वर्दळ: तुरळक'. मोजणी मीच केली होती. सकाळी सहा ते रात्री दहा, एकही तास न चुकवता. फक्त मे महिन्यात. शाळेला सुट्टी असताना.

त्या मोजणीवर बेतलेल्या नकाशात फाटकासमोर अखंड दुभाजक होता. वेग 80 धरलेला, म्हणजे सेकंदाला 22 मीटर. रस्ता ओलांडायला जवळचा 'कट' 300 मीटरवर, पेट्रोल पंपासमोर. एवढा वळसा कोण घालणार? वर्षभरात गावकरी पहारीनं दुभाजक फोडतात आणि मग आम्ही अभियंते 'अनधिकृत छेद' असं झोकात लिहितो. (गतिरोधकांचंही तेच. पुस्तकातला उंचवटा 3.7 मीटर रुंद आणि 10 सेंटिमीटर उंच असतो; गावात रातोरात पडणारा कंबर मोडतो.)

रात्री लॉजवर नकाशा नव्यानं मांडला. फाटकासमोर रस्त्याहून उंच क्रॉसिंग, दुभाजकात पोरांना उभं राहता येईल एवढी जागा, गावाच्या दोन्ही तोंडांना वेग उतरवणारी रचना. बैठकीत प्रश्न आलाच, ब्लॅक स्पॉटच्या यादीत नाही तिथे खर्च कशाला? दोन ठाण्यांची सहा पानं शेजारी शेजारी ठेवली. क्रॉसिंग मंजूर झालं. वेग कमी करायचं पुढच्या टप्प्यावर गेलं. थांबा हलवायचं पत्र मीच महिनाभर उशिरा पाठवलं.

नवा नकाशा मामांना दाखवला. त्यांनी चष्मा लावून बराच वेळ बघितला.

"चिंच कुठंय?"

"रुंदीकरणात जातेय, मामा."

"मग पंचनाम्यात जागा काय लिहायची?"