आरएक्स १०० हवा कुठून घेत होती

थंड असताना माझी यामाहा आरएक्स १०० मोटरसायकल एक-दोन किकमध्ये सुरू व्हायची आणि गुमान चालायची. नागपुरात सक्करदऱ्यातून निघून वर्धा रोडला लागेपर्यंत इंजिन तापलं की खरा प्रकार सुरू. सिग्नलला ॲक्सिलरेटर सोडला तरी आरपीएम, म्हणजे इंजिनचे फेरे, खाली यायचे नाहीत. इंजिन वरच्या वर गुणगुणत राहायचं, मग सावकाश उतरायचं आणि उतरता उतरता बंद पडायचं. स्लो, म्हणजे ॲक्सिलरेटर सोडल्यावरचा वेग, वाढवावा तर गाडी ओरडते, कमी करावा तर दम सोडते. सेमिनरी हिल्सचा चढ चढून आल्यावर स्पार्क प्लग काढून पाहिला तर टोक पांढरंफटक.

पांढरा प्लग म्हणजे पेट्रोल कमी आणि हवा जास्त. चार-स्ट्रोक गाडीत हे वाईट, टू-स्ट्रोकमध्ये धोक्याचं. आमच्या टू-स्ट्रोक गाडीत टू-टी ऑइल पेट्रोलमध्येच मिसळलेलं असतं. पिस्टन, रिंगा, क्रँकची बेअरिंगं, सगळ्यांचं वंगण त्या मिश्रणातूनच येतं. हवेत पेट्रोल मिसळणाऱ्या कार्ब्युरेटरमधून ओढलं जाणारं पेट्रोल कमी झालं की ऑइलही कमी पोचतं, आणि नेमकी त्याच वेळी उष्णता वाढलेली असते. यातूनच पिस्टन जॅम होतो. भर रस्त्यात मागचं चाक लॉक होणं ही गंमत नाही. म्हणून मी गाडी घरी उभी केली.

गाडी १९९५ ची, मामांकडून माझ्याकडे आलेली. भारतात आरएक्स १०० विकली गेली १९८५ ते १९९६ या काळात. ९८ सीसीचं ते इंजिन अजूनही खणखणीत वाजतं, पण त्यातलं जे जे रबर मूळचं आहे ते तितकंच जुनं आहे. त्यात आपलं नागपूर. २०१३ च्या मे महिन्यात इथं ४७.९ अंश तापमान नोंदलं गेलं होतं. नवतपा, म्हणजे मे अखेरचे भाजणारे नऊ दिवस, लागला की उन्हात उभ्या गाडीच्या टाकीला हात लावता येत नाही. दरवर्षी असं भाजून निघालेलं रबर आधी कडक होतं, मग त्याला केसाएवढ्या चिरा जातात. चीर थंडपणी मिटलेली असते आणि तापल्यावर, थरथरल्यावर उघडते. हिवाळ्यात ट्यूनिंग करून घेतलेली गाडी एप्रिलमध्ये पुन्हा बिघडते, त्याचं मला सापडलेलं कारण हेच.

आधीच्या मेकॅनिकांनी जे केलं ते बहुतेक ठिकाणी होतं. एकानं पायलट जेट, म्हणजे स्लोवर पेट्रोल सोडणारं बारीक भोकाचं तोंड, मोठा टाकला. दुसऱ्यानं एअर स्क्रू जवळजवळ पूर्ण आवळला. या मिकुनी कार्ब्युरेटरचा एअर स्क्रू साधारण दीड फेरा उघडा असतो. तो आवळला की हवा कमी होऊन मिश्रण दाट होतं. दोन्ही उपायांनी गाडी काही आठवडे बरी चालली. पण आजार तसाच राहिला, वरून कार्ब्युरेटरची घडीही विस्कटली.

महाल भागातल्या एका जुन्या मिस्त्रींकडे गाडी नेली तेव्हा त्यांनी स्क्रू ड्रायव्हर हातातही घेतला नाही. इंजिन चालू ठेवून नुसतं ऐकलं आणि म्हणाले, "भाऊ, ही एअर घेऊन राहिली. आता एकही स्क्रू फिरवू नका. आधी भोक शोधा, मग कार्ब्युरेटर पाहू."

त्या वाक्यात सगळा हिशेब आहे. कार्ब्युरेटर त्याच्या स्वतःच्या गळ्यातून गेलेल्या हवेलाच पेट्रोल देतो. त्याच्या पुढे, म्हणजे कार्ब्युरेटर आणि इंजिन यांच्या मधे कुठूनही हवा घुसली तर ती कोरडी जाते. स्लोवर ॲक्सिलरेटर जवळपास बंद असतो, आतली ओढ जोरदार आणि एकूण हवा थोडी. म्हणून छोट्याशा चिरेतून आलेली हवाही तिथं मोठा वाटा उचलते. पूर्ण ॲक्सिलरेटरवर तीच चीर जाणवतही नाही. गाडी पळते छान आणि सिग्नलला बिघडते, याचा उलगडा मला तेव्हा झाला.

पहिली तपासणी घरीच केली. बरेच जण कार्ब क्लीनरचा स्प्रे मारतात. तोही चालतो, पण तो पेटतो, आणि समोर तापलेला सायलेन्सर आणि प्लगची वायर असते. मी झाडांवर पाणी मारायची फवारणीची बाटली वापरली. इंजिन तापवून स्लोवर ठेवायचं आणि एकेका सांध्यावर बारीक फवारा द्यायचा. जिथं गळती आहे तिथं पाणी आत ओढलं जातं आणि आवाज क्षणभर अडखळतो. दोन गोष्टी मात्र सांभाळायच्या. फवारा एअर फिल्टरकडे उडाला तरी आवाज बदलतो आणि भलत्याच जागेवर संशय जातो, म्हणून मधे पुठ्ठ्याचा आडोसा धरायचा. आणि कूलरच्या झोतात हे करायचं नाही. मी आधी कूलर बंद केला, मग बसलो.

वरून काही नाही, बाजूनं काही नाही. खालून फवारा दिला आणि इंजिननं घोट घेतल्यासारखा आवाज केला. तिथं कार्ब जॉइंट आहे: ॲल्युमिनियमच्या पट्टीवर चिकटवलेला रबराचा आखूड नळा, ज्यात कार्ब्युरेटर बसवून क्लिप आवळतात. काढून हातात घेतला तर नजरेला धड दिसला. अंगठ्यानं वाकवल्यावर रबर आणि धातू जिथं जुळतात तिथं अर्ध्या चंद्रासारखी फट उघडली. यावर एम-सील किंवा सोल्युशन लावण्याचा सल्ला मिळतो. तो मला पटत नाही. पेट्रोल, उष्णता आणि थरथर यांच्यापुढे ते टिकत नाही, आणि सुटलेला कण इंजिनच्या पोटात जातो.

नवा जॉइंट निवडताना वेळ द्यावा. दुकानात समोर ठेवलेल्या पहिल्या तुकड्याचं रबर इतकं मऊ होतं की क्लिप आवळताच पिळवटलं असतं. मी काचेच्या काउंटरवर प्रत्येक जॉइंटची पट्टी पालथी ठेवून, डुगडुगते का ते पाहून घेतला. नवी पॅकिंगही घेतली. बसवताना रीड व्हॉल्व्हचा, म्हणजे हवा एकाच दिशेनं आत सोडणाऱ्या पातळ पत्त्यांचा, ठोकळा बाहेर काढून उजेडासमोर धरला. पत्त्या जागेवर नीट टेकत होत्या. ठोकळ्याची बैठक जाड काचेवर पॉलिश पेपर ठेवून हलक्या हातानं घासली, तर दोन्ही कोपरे आधी चमकले आणि मधला भाग मागून. म्हणजे बैठक थोडी वाकलेली होती. सगळीकडे सारखी चमक येईपर्यंत घासली, सगळं स्वच्छ धुऊन मग बसवली.

गाडी सुधारली, पण पूर्ण नाही. आरपीएम आता कमी वेळ लटकायचे, तरी लटकायचेच. मिस्त्री म्हणाले, "आता तिची तोंडं बांधून हवा भरून पाहू."

टू-स्ट्रोकमध्ये क्रँककेससुद्धा, म्हणजे क्रँक फिरतो तो इंजिनचा खालचा डबा, हवेच्या वाटेतच येतो, म्हणून क्रँकच्या दोन्ही टोकांचे ऑइल सील गळले तरी तीच लक्षणं दिसतात. त्यासाठी प्रेशर टेस्ट. सायलेन्सर उतरवून एक्झॉस्टच्या तोंडावर सायकल ट्यूबचा दुहेरी तुकडा आणि ॲल्युमिनियमची पट्टी घट्ट बसवली. पिस्टन अगदी खाली आणला, म्हणजे सिलिंडर आणि क्रँककेस एकमेकांना मोकळे होतात. प्लग जागेवर. हवा भरायची ती मात्र कार्ब जॉइंटच्या बाजूनंच. रीडच्या पत्त्या हवेला आत जाऊ देतात, उलटी येऊ देत नाहीत; प्लगच्या भोकातून हवा भरली तर पत्त्या मिटतात आणि कार्ब जॉइंट तपासलाच जात नाही. लेथवाल्याकडून नायलॉनचं बूच करून घेतलं, त्याला नळी, आणि नळीला घड्याळासारख्या काट्याचं, हातानं फुगवायचं बीपी मशीन. त्याच्या काट्यावरचे ३०० म्हणजे साधारण पावणेसहा पाउंड दाब. या कामाला तेवढाच पुरतो. कॉम्प्रेसर लावायचा नाही, सील जागेवरून उडू शकतात. काटा एका मिनिटात पन्नासपेक्षा कमी उतरला तर इंजिन घट्ट समजायचं.

आमचा काटा डोळ्यांदेखत खाली आला. साबणाचं पाणी सगळीकडे लावलं. कार्ब जॉइंट कोरडा, हेड कोरडं, ब्लॉकच्या खालची पॅकिंग कोरडी. गिअर ऑइलच्या झाकणाच्या भोकावर साबणाचा पापुद्रा धरला. तो फुगला असता तर उजवा, क्लचकडचा सील गेलेला असता. तो सील गेला की इंजिन गिअर ऑइल पिऊ लागतं आणि मागं धुराचा लोट निघतो. पापुद्रा हलला नाही. डावीकडचं कव्हर काढलं तर मॅग्नेटच्या, म्हणजे क्रँकच्या टोकावरच्या चुंबकाच्या चाकाच्या, मागून फेस येत होता. या बाजूला ऑइल नसतं, म्हणून गळतीचा काहीच माग राहत नाही. ना धूर, ना डाग, नुसती कोरडी हवा. माझ्या मते जुन्या टू-स्ट्रोकमधली सर्वांत धोकादायक गळती हीच.

मॅग्नेट पुलरनंच काढायचा, हातोडीनं नाही. मागे कॉइलची प्लेट, तिच्यामागे सील. आमचा सील बाहेरूनच निघाला, क्रँककेस उघडावा लागला नाही. मिस्त्रींनी जुन्या सीलमध्ये बारीक स्क्रू बसवून पकडीनं सरळ ओढला. बैठकीला ओरखडा गेला की नवा सीलही गळणार. जुन्या सीलचा ओठ, म्हणजे दांड्याला टेकणारी रबराची कड, लाकडासारखा कडक झाला होता. क्रँकच्या दांड्यावरून नख फिरवून खाच पडलेली नाही याची खात्री केली, नव्या सीलच्या ओठाला ऑइल लावलं आणि स्प्रिंगची बाजू आत ठेवून तो चौफेर सारखा दाबत बसवला. पुन्हा हवा भरली. मिनिटभरात काटा विसाच्याही आत उतरला.

यानंतरचं काम अनेकजण विसरतात. गळती बंद झाली, पण तिच्यासाठी बसवलेला मोठा जेट अजून आतच होता. गाडी आता उलट्या दिशेनं बिघडली: प्लग काळा, आवाज घोगरा, खालच्या आरपीएमवर अडखळणं. मूळ मापाचा जेट परत घातला, एअर स्क्रू दीड फेऱ्यावर आणला आणि इंजिन तापल्यावर जिथं आवाज सर्वांत स्वच्छ लागला तिथं ठेवला. वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलमध्ये ऑक्सिजन असतो, त्यामुळे त्याच जेटवर मिश्रण थोडं पातळ होतं. म्हणून कार्ब्युरेटरमधली सुई एक खाच वर घेतली, म्हणजे पेट्रोल थोडं जास्त येतं, आणि प्लगचा रंग पाहत गेलो. आता तो फिकट तपकिरी येतो. जुन्या रबराला हे पेट्रोल मानवत नाही, म्हणून पेट्रोलची नळी आणि कार्ब्युरेटरमधल्या ओ-रिंगाही बदलल्या.

त्यानंतर भर दुपारी कामठीपर्यंत जाऊन आलो. प्रत्येक सिग्नलला ॲक्सिलरेटर सोडला की आरपीएम तत्काळ खाली, आणि स्लो तिथंच स्थिर. नायलॉनचं बूच आणि बीपी मशीन आता महालातच असतं. परवा मिस्त्रींनी एका आरएक्स १३५ वर लावलं. तिच्या गिअर ऑइलच्या भोकावरचा पापुद्रा लगेच फुगला.